पहिल्या प्रश्नाआधी

काही वर्षांपूर्वी विधी सेवा प्राधिकरणाकडून माझ्याकडे आलेल्या एका प्रकरणाच्या कागदपत्रांत सहा स्त्रियांचे जबाब होते. छापा एकाच रात्रीचा, ठिकाण एकच आणि जबाब लिहून घेणारा हातही एकच. नाव, वय आणि गाव यांच्या जागा सोडल्या तर सहाही कागदांवर तोच मजकूर होता: घरची परिस्थिती हलाखीची असल्याने कामाच्या शोधात शहरात आले, ओळखीच्या बाईने या धंद्यात आणले, मिळणाऱ्या पैशांतून निम्मी रक्कम घरवाली (कुंटणखाना चालवणारी बाई) कापून घेत असे, पोलिसांनी छापा घालून माझी सुटका केली, माझा जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर व खरा आहे. ‘हलाखी’ हा शब्द सहाही ठिकाणी एकाच पद्धतीने चुकवलेला होता. सहापैकी दोघींना मराठीचा एक शब्द येत नव्हता. प्रत्येक जबाबाखाली अंगठा होता.

मी जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करते आणि विधी साहाय्याच्या पॅनेलवर आहे. या लेखात ज्या प्रकरणांचा उल्लेख येईल त्यांतील कोणाचीही ओळख पटेल असा तपशील मी ठेवलेला नाही. मात्र त्या सहा अंगठ्यांबद्दल लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण मानवी तस्करीतून सोडवलेल्या माणसाला तपासाच्या काळात कोणते हक्क असतात हा प्रश्न बहुतेक वेळा खटला उभा राहिल्यावर विचारला जातो, आणि तोपर्यंत त्यातील निम्मे हक्क वापरण्याची वेळ निघून गेलेली असते.

तपासात पोलिसांना प्रकरणाची माहिती असणाऱ्या कोणाचीही तोंडी विचारपूस करता येते आणि ती लिहूनही घेता येते. परंतु लिहून घेतली तर प्रत्येक व्यक्तीच्या जबाबाची स्वतंत्र आणि खरी नोंद केली पाहिजे, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १८० सांगते. १ जुलै २०२४ पर्यंत लागू असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १६१ हेच सांगत होते. त्याच्या पुढचे कलम, म्हणजे नवे १८१ आणि जुने १६२, आणखी स्पष्ट आहे: असा जबाब लिहून घेतला तरी तो देणाऱ्याची सही त्यावर घ्यायची नाही. म्हणजे सहा जबाबांचा एकच मजकूर हे एका कलमाचे उल्लंघन होते आणि त्यांखालचे सहा अंगठे हे दुसऱ्या कलमाचे. ही केवळ कागदाची शिस्त आहे असे कोणाला वाटेल, पण सही न घेण्यामागे जुने शहाणपण आहे. पोलिसांपुढे, पोलिसांच्याच जागेत, भीतीच्या छायेत बोललेल्या शब्दांना माणूस कायमचा बांधला जाऊ नये, यासाठी ती तरतूद आहे.

तरीही तो बांधला जातोच. पोलिसांनी घेतलेला जबाब खटल्यात पुरावा म्हणून वाचता येत नाही, मात्र ती स्त्री साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिली की आरोपीचा वकील तोच कागद पुढे करतो आणि उलटतपासणीत विचारतो, की तेव्हा तुम्ही वय बावीस सांगितले होते, आज सतरा कसे सांगता. तेव्हा गाव वेगळे होते, आज वेगळे कसे. मारहाणीचा तेव्हा उल्लेख नाही, आज कुठून आला. छाप्याच्या रात्री जवळजवळ प्रत्येक जण काहीतरी खोटे सांगतो किंवा काहीतरी गाळतो. नाव बदलून सांगायचे, वय वाढवून सांगायचे आणि ‘मर्जीने आले’ म्हणायचे, हे त्यांना घरवालीने आणि दलालाने महिनोन्‌महिने पढवलेले असते. पोलिस आले तर तुलाच आत टाकतील, हेही पढवलेले असते. शिवाय गावाकडच्या घराचा पत्ता आरोपीला ठाऊक असतो. अशा माणसाला मध्यरात्री दोन वाजता पहिला प्रश्न विचारून मिळालेले उत्तर हा पुढच्या सगळ्या तपासाचा पाया होतो आणि पुढे आरोपीच्या बचावाचाही.

म्हणून पहिल्या प्रश्नाआधी काय घडले पाहिजे, हे पाहू.

सर्वोच्च न्यायालयाने याचे उत्तर १९९४ सालीच दिलेले आहे आणि मला त्याचे विस्मरण फार खटकते. फेब्रुवारी १९९३ मध्ये रांचीहून दिल्लीकडे येणाऱ्या मुरी एक्सप्रेसमध्ये घरकाम करणाऱ्या सहा आदिवासी तरुणींवर लष्करी जवानांनी अत्याचार केल्याचे ते प्रकरण होते आणि दिल्लीच्या घरकामगार स्त्रियांच्या संघटनेने ते न्यायालयात नेले होते. त्या निकालात लैंगिक अत्याचाराच्या तक्रारदार स्त्रीसाठी न्यायालयाने जे निकष घालून दिले, त्यांत असे म्हटले आहे की तिला वकील मिळाला पाहिजे, तो पोलिस ठाण्यातही तिच्यासोबत असला पाहिजे, कोणताही प्रश्न विचारण्यापूर्वी तिला या हक्काची माहिती देणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे, आणि तशी माहिती दिल्याची नोंद पोलिसांच्या अहवालात असली पाहिजे. ज्यांचा स्वतःचा वकील नाही त्यांच्यासाठी वकिलांची यादी ठाण्यात ठेवावी, न्यायालयाची औपचारिक परवानगी मिळण्याआधीच त्या वकिलाला ठाण्यात काम करता यावे, आणि शक्यतो शेवटपर्यंत तोच वकील राहावा, इतका बारकाईने विचार त्या निकालात केलेला आहे. देहविक्रीसाठी विकल्या गेलेल्या स्त्रीवर बळजबरीने लादला गेलेला प्रत्येक संबंध हा कायद्याने बलात्कारच असतो, तेव्हा हे निकष तिला लागू होत नाहीत, असे कोणी म्हणू शकणार नाही.

वकिलाचे पैसे कोण देणार, हाही प्रश्न शिल्लक नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ मध्ये मोफत विधी साहाय्यास पात्र असणाऱ्यांची जी यादी आहे, तिच्यात राज्यघटनेच्या अनुच्छेद २३ मध्ये उल्लेखिलेल्या माणसांच्या अपव्यापाराला (म्हणजे तस्करीला) किंवा वेठबिगारीला बळी पडलेली व्यक्ती स्वतंत्रपणे नोंदवलेली आहे आणि तिच्यासाठी उत्पन्नाची अट नाही. म्हणजे शिधापत्रिका नाही, आधार कार्ड घरवालीकडे अडकले आहे, उत्पन्नाचा दाखला मिळणे शक्य नाही, यांपैकी कोणतीही अडचण वकील मिळण्याच्या आड येऊ शकत नाही. ठाण्यातून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला किंवा १५१०० या क्रमांकाला एक फोन केला तरी प्रक्रिया सुरू होते. तो फोन क्वचितच केला जातो. मला आलेल्या प्रकरणांपैकी बहुतेक माझ्यापर्यंत सुधारगृहातल्या समुपदेशक बाईंच्या चिठ्ठीमुळे पोहोचली आहेत.

वकिलाबाबत आणखी एक गोष्ट. छाप्यानंतर काही तासांतच वकीलपत्र घेऊन कोणीतरी हजर होतो आणि सोडवलेल्या मुलींच्या सह्या मागतो, हे मी स्वतः पाहिले आहे. त्याची फी ज्या हाताने दिलेली असते, तोच हात आरोपीच्या वकिलाचीही फी देत असतो. प्रेरणा या संस्थेच्या याचिकेवर २००२ साली निकाल देताना मुंबई उच्च न्यायालयाने हे अचूक ओळखले आणि स्पष्ट केले की दलालाच्या किंवा कुंटणखाना चालवणाऱ्याच्या बाजूने उभा राहणारा वकील त्याच प्रकरणात सोडवलेल्या मुलींची बाजू मांडू शकत नाही. त्याच निकालात न्यायालयाने हेही बजावले की सोडवलेली मुलगी अठरा वर्षांखालील आढळली तर तिचे प्रकरण बालकल्याण समितीकडे गेले पाहिजे. तेव्हा ठाण्यात आपली सही मागणारा वकील कोणाचा आहे, हा प्रश्न विचारण्याचा हक्क त्या स्त्रीला आहे. किंबहुना तो प्रश्न तपास अधिकाऱ्यानेच विचारला पाहिजे.

आता प्रश्न कोणी विचारायचे याकडे येते. अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम, १९५६, ज्याला ठाण्यापासून न्यायालयापर्यंत सगळे ‘पिटा’ म्हणतात, त्याच्या कलम १५ मध्ये १९८६ च्या दुरुस्तीने एक पोटकलम (६-अ) घातले गेले. छापा घालणाऱ्या अधिकाऱ्यासोबत किमान दोन महिला पोलिस असल्या पाहिजेत, आणि तेथून नेलेल्या स्त्रीची किंवा मुलीची विचारपूस महिला पोलिस अधिकाऱ्यानेच केली पाहिजे. ती उपलब्ध नसेल तर मान्यताप्राप्त समाजसेवी संस्थेतील स्त्री सदस्याच्या उपस्थितीतच ती करता येते, असे ते सांगते. या पोटकलमाची पूर्तता कागदावर नेहमी होते. ‘सोबत महिला पोलिस शिपाई’ हे शब्द पंचनाम्यात हमखास असतात. प्रत्यक्षात महिला शिपाई दाराशी उभी असते, प्रश्न विचारणारे साहेब टेबलामागे असतात आणि लेखनिक संगणकावर जुनी फाइल उघडून तिच्यातली नावे बदलत असतो. महिला अधिकाऱ्याने प्रश्न विचारणे आणि महिला शिपायाने खोलीत उभे राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कायद्याला पहिली अपेक्षित आहे.

येथे कायद्यातलीच एक फट दाखवणे भाग आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८० मध्ये आणि न्यायदंडाधिकाऱ्यापुढील जबाबाच्या कलम १८३ मध्ये ज्या गुन्ह्यांतील स्त्रियांसाठी महिला अधिकाऱ्याची किंवा शक्यतो महिला न्यायदंडाधिकाऱ्याची तरतूद आहे, त्या गुन्ह्यांच्या यादीत बलात्कार आहे, विनयभंग आहे, पाठलाग आहे, ॲसिड हल्ला आहे; परंतु भारतीय न्याय संहितेची कलमे १४३ आणि १४४, म्हणजे अपव्यापार आणि अपव्यापार झालेल्या व्यक्तीचे शोषण, ही त्या यादीत नाहीत. त्यामुळे प्रथम खबर अहवालात पहिल्या रात्री कोणती कलमे लावली जातात यावर पुढचे हक्क ठरतात. फक्त पिटाची कलमे लावली तर हक्क एवढे. तस्करीचे कलम १४३ लावले तर आणखी काही. आणि तिने सांगितलेल्या बळजबरीची दखल घेऊन बलात्काराचे कलम लावले तर संरक्षणाची सारी दारे उघडतात. एकाच स्त्रीवर घडलेल्या एकाच अत्याचाराला रात्रपाळीच्या अधिकाऱ्याने काय नाव दिले यावर तिला मिळणारी वागणूक अवलंबून असावी, हे मला मान्य होत नाही. पण तसे आहे, आणि म्हणूनच कलमे कोणती लावली हे तिच्या वकिलाने पहिल्याच दिवशी पाहिले पाहिजे.

जागेचा प्रश्न याहून अवघड आहे. कोणत्याही स्त्रीला, तसेच पंधरा वर्षांखालील मुलाला, साठीपुढच्या पुरुषाला आणि अपंग किंवा गंभीर आजारी व्यक्तीला साक्षीदार म्हणून तिच्या राहत्या जागेखेरीज अन्यत्र बोलावता येत नाही, असे नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७९ (जुने १६०) सांगते. हे जाणूनबुजून मोडणाऱ्या लोकसेवकाला न्याय संहितेच्या कलम १९९ खाली किमान सहा महिने आणि कमाल दोन वर्षांच्या सश्रम कारावासाची तरतूद आहे. आणि याच कलमाखाली तस्करीची खबर मिळूनही ती न नोंदवणे हादेखील गुन्हा आहे. पण राहत्या जागेत जबाब घ्यावा असे म्हणताना कायद्याच्या डोळ्यांसमोर एक घर आहे, जिथे त्या स्त्रीला सुरक्षित वाटते. तस्करीतून सोडवलेल्या स्त्रीची राहती जागा म्हणजे जिथून तिला आत्ताच बाहेर काढले तीच जागा. गावचे घर शेकडो मैलांवर, आणि कित्येकदा तिला विकणारा त्याच घरातला. तेव्हा या तरतुदीचा खरा अर्थ तिला निवारा जिथे मिळाला आहे तिथे, ती जेवून झोपून उठल्यावर, जबाब घेणे हाच होऊ शकतो. पिटाचे कलम १५ आणि कलम १७ यांचा रोखही तोच आहे: सोडवलेल्या व्यक्तीला विनाविलंब योग्य न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करायचे, आणि ते शक्य नसेल तर जवळच्या कोणत्याही न्यायदंडाधिकाऱ्यापुढे, जो तिच्या सुरक्षित ताब्याचा आदेश देईल. रात्रभर ठाण्याच्या बाकावर बसवून ठेवणे आणि ‘जबाब झाल्याशिवाय सोडता येत नाही’ असे सांगणे यात कुठेही बसत नाही.

अल्पवयीनांसाठी कायदा याबाबत अधिक स्पष्ट आहे. लैंगिक गुन्ह्यांपासून मुलांचे संरक्षण करणाऱ्या पोक्सो कायद्याच्या कलम २४ नुसार मुलाचा जबाब त्याच्या घरी, नेहमीच्या ठिकाणी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी घ्यायचा, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेशात न येता. आरोपीशी त्याचा कोणत्याही प्रकारे संपर्क येऊ द्यायचा नाही आणि कोणत्याही कारणाने रात्री ठाण्यात ठेवायचे नाही. जबाब देताना आईवडील किंवा त्याच्या विश्वासातील व्यक्ती सोबत हवी, असे कलम २६ म्हणते, आणि दुभाष्याचीही तरतूद करते. मग सतरा वर्षे अकरा महिन्यांच्या मुलीला जे मिळते ते अठरा पूर्ण झालेल्या मुलीला का मिळू नये, असा प्रश्न मला प्रत्येक वेळी पडतो.

दुभाष्याबद्दल मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण माझ्या मते तपासातला सर्वांत दुर्लक्षित हक्क तो आहे. एका चौकीत मी पोहोचले तेव्हा विचारपूस सुरू झालेली होती. विशीतली एक मुलगी, फक्त बंगाली बोलणारी, खाली मान घालून बसली होती आणि तिच्याबरोबर आणलेली, हिंदी बऱ्यापैकी येणारी दुसरी एक बाई भाषांतर करत होती. ‘तुला इथे कोणी आणलं?’ असे विचारल्यावर मुलगी बराच वेळ बोलली. मला बंगाली येत नाही, पण बोलताना तिचा आवाज दोनदा अडकला हे मला कळले. भाषांतर झाले ते एवढेच: ‘ती म्हणते, स्वतःच आली.’ मी विचारपूस थांबवण्याची विनंती केली, ती मान्य झाली नाही, म्हणून तसा लेखी अर्ज दिला आणि त्याच्या प्रतीवर पोच मागितली. पोच मागितल्यावर थांबली. तीन दिवसांनी निवारागृहात, एका शाळेतल्या बंगालीभाषक शिक्षिकेने ऐकून सांगितले तेव्हा कळले, की चौकीत भाषांतर करणारी बाई हीच मुलींकडून रोजचे पैसे गोळा करून घरवालीकडे पोचवणारी होती. ज्या व्यक्तीची त्या मुलीला सगळ्यांत जास्त भीती वाटत होती, तिच्याच तोंडून तिचा जबाब लिहिला जात होता.

पिटा कायद्यात दुभाष्याचा शब्दही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने नोव्हेंबर २००० मध्ये स्वीकारलेल्या मानवी तस्करीविषयक पालेर्मो प्रोटोकॉलच्या सहाव्या अनुच्छेदात मात्र पीडितांना त्यांच्या हक्कांची माहिती त्यांना समजेल अशा भाषेत देण्याचा उल्लेख आहे, आणि भारताने २०११ मध्ये त्या प्रोटोकॉलला मान्यता दिलेली आहे. तेव्हा अर्जात तो अनुच्छेद लिहायला आपण विसरू नये. आणि व्यवहारात एक साधा नियम पाळला जावा अशी माझी मागणी आहे: त्याच छाप्यात सापडलेली, त्याच इमारतीतली किंवा आरोपीच्या ओळखीतली कोणतीही व्यक्ती दुभाषी असू नये, आणि जो दुभाषी होता त्याचे नाव जबाबाच्या कागदावर यावे. आज ते येत नाही. कागदावर जबाब मराठीत असतो आणि जणू तो मराठीतच दिला गेला होता.

त्या मुलीच्या बाबतीत दुसरी एक भीती होती, ती म्हणजे पारपत्र नसल्याची. ती बांगलादेशातून आणलेली होती. अशा परदेशी व्यक्तींसंबंधी केंद्रीय गृह मंत्रालयाने १ मे २०१२ रोजी सर्व राज्यांना सूचना पाठवलेल्या आहेत, की तपासात ती स्त्री किंवा मूल तस्करीला बळी पडलेले असल्याचे निष्पन्न झाले तर केवळ वैध कागदपत्रे नाहीत म्हणून त्यांच्यावर आरोपपत्र ठेवू नये. हे तिला विचारपूस सुरू होण्याआधी कोणी समजावून सांगितले असते तर तिने पहिल्या दिवशी पश्चिम बंगालमधल्या गावाचे खोटे नाव सांगितले नसते.

याच्याशी जोडलेला हक्क म्हणजे स्वतःला गुन्ह्यात गोवणाऱ्या प्रश्नाचे उत्तर न देण्याचा. कलम १८० मध्येच लिहिलेले आहे की विचारलेल्या प्रश्नांची खरी उत्तरे देणे बंधनकारक असले तरी ज्या उत्तराने स्वतःवर फौजदारी आरोप येण्याचा संभव आहे ते उत्तर देण्याची सक्ती नाही, आणि हे संरक्षण आरोपीपुरते नसून विचारपूस होणाऱ्या प्रत्येकाला आहे. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याच्या सक्तीला मनाई करणाऱ्या राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) चा अर्थ लावताना नंदिनी सत्पथी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली या संरक्षणाची व्याप्ती विशद केली. एका स्त्रीला ठाण्यात बोलावल्याबद्दलही त्याच निकालात न्यायालयाने नाराजी नोंदवली आहे. तस्करीच्या प्रकरणांत या हक्काचे महत्त्व वाढत चालले आहे. मार्च २०२५ मध्ये म्यानमार-थायलंड सीमेवरील सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांतून ५४९ भारतीयांना वायुसेनेच्या विमानांनी परत आणले गेले. संगणकावरच्या नोकरीचे आमिष दाखवून नेलेल्या या तरुणांकडून बळजबरीने लोकांची फसवणूक करून घेतली जात होती. अशा तरुणाला परतल्यावर ‘तू किती लोकांना फसवलेस?’ हा पहिला प्रश्न विचारला जातो तेव्हा तो पीडित म्हणून बसला आहे की आरोपी म्हणून, हे आधी स्पष्ट झाले पाहिजे. आणि ते होईपर्यंत वकिलाशिवाय त्याने त्या प्रश्नाचे उत्तर देऊ नये, असेच मी कोणालाही सांगेन.

वेठबिगारीतही चुकीचा प्रश्न हाच खरा अडथळा असतो. आपल्याकडे वीटभट्टीवर, कोळसाभट्टीवर, ऊसतोडीला नेलेल्या कातकरी किंवा इतर मजुरांना सोडवल्यावर चौकशीत पहिल्यांदा विचारतात, की उचल घेतली होती ना, मग फेडली का नाही. वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, १९७६ च्या कलम १५ ने सिद्धतेचा भार उलटा ठेवला आहे: ते कर्ज वेठबिगारीचे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी धनकोवर आहे. मजुराने उचलीचा हिशेब देण्याचे कारणच नाही. त्यातही ही चौकशी मुकादमाच्या किंवा मालकाच्या समोर होत असेल तर तिला चौकशी म्हणू नये.

मर्जीच्या प्रश्नाबाबतही असेच आहे. न्याय संहितेच्या कलम १४३ च्या स्पष्टीकरणात म्हटले आहे की अपव्यापाराचा गुन्हा ठरवताना पीडित व्यक्तीची संमती अप्रस्तुत आहे. धाक, फसवणूक, प्रलोभन, अधिकाराचा गैरवापर यांपैकी काही असेल तर ‘मर्जीने आलीस का’ याचे उत्तर हो असले तरी गुन्हा गुन्हाच राहतो. पण याची दुसरी बाजूही मला तितक्याच ठामपणे मांडली पाहिजे. जी सज्ञान स्त्री खरोखर कोणत्याही धाकाविना हा व्यवसाय करते, तिला पीडित ठरवून कोंडून ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तीन तरुणींना सुधारगृहातून सोडण्याचा आदेश देताना हेच सांगितले, की देहविक्री हा पिटाखाली स्वतः गुन्हा नाही आणि सज्ञान स्त्रीला तिच्या संमतीविना डांबून ठेवता येत नाही. मे २०२२ मध्ये बुद्धदेव कर्मस्कर प्रकरणातील आदेशात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना या स्त्रियांशी सन्मानाने वागण्याचे निर्देश दिले, आणि छापा, अटक किंवा सुटका करताना त्यांची ओळख उघड होईल असे छायाचित्र प्रसिद्ध होऊ नये, मग त्या पीडित असोत वा आरोपी, याची काळजी घेण्यास माध्यमांना बजावले. छाप्याचे चित्रीकरण आता नव्या संहितेच्या कलम १०५ नुसार बंधनकारक झाले आहे. ते चित्रीकरण न्यायालयासाठी आहे, व्हॉट्सॲपच्या गटांसाठी नाही.

न्यायदंडाधिकाऱ्यापुढचा कलम १८३ चा जबाब (जुने १६४) हा या सगळ्यातून बाहेर पडण्याचा मार्ग आहे. तो शपथेवर, पोलिसांच्या गैरहजेरीत होतो आणि पोलिसांनी घेतलेल्या जबाबापेक्षा त्याला कितीतरी अधिक वजन असते. दहा वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिसांनी आणलेल्या साक्षीदाराचा जबाब न्यायदंडाधिकाऱ्याने नोंदवावा अशी तरतूद आता संहितेत आहे. माझा अनुभव असा, की हा जबाब छाप्याच्या दुसऱ्याच दिवशी उरकला तर तो पहिल्या जबाबाचीच शपथेवरची प्रत होतो. चार-आठ दिवस निवाऱ्यात राहिल्यावर, समुपदेशन सुरू झाल्यावर आणि भाषेचा प्रश्न सुटल्यावर घेतला तर त्यात पहिल्यांदाच त्या व्यक्तीचे स्वतःचे बोलणे येते. तिला धमक्या येत असतील तर साक्षीदार संरक्षण योजना, २०१८ खाली जिल्ह्याच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे त्याआधीच अर्ज करता येतो. प्रथम खबर अहवालाची विनामूल्य प्रत आता केवळ खबर देणाऱ्याला नव्हे तर पीडितालाही मिळाली पाहिजे, तपासाची प्रगती नव्वद दिवसांत कळवली पाहिजे, आणि कलम ३९६ खाली भरपाईसाठी अंतरिम रकमेचीही मागणी करता येते. छाप्याच्या प्रकरणात फिर्यादी बहुधा पोलिसच असल्याने पूर्वी त्या स्त्रीला स्वतःच्याच प्रकरणाची प्रत मागायला दारोदार जावे लागे. हा बदल म्हणूनच मला मोठा वाटतो.

चौकीतल्या त्या बंगाली मुलीचा जबाब अकराव्या दिवशी न्यायदंडाधिकारी बाईंच्या दालनात नोंदवला गेला. शिक्षिका दुभाषी म्हणून शपथ घेऊन बसल्या, पोलिस बाहेर थांबले आणि मी दाराबाहेरच्या बाकावर होते. साडेतीन तास लागले. मध्ये दोनदा पाणी मागितले गेले, एकदा बाईंनी स्वतः बाहेर येऊन दहा मिनिटे काम थांबवले. जबाब सात पानांचा झाला. त्याच्या पहिल्या ओळीत तिचे खरे नाव आहे, जे पोलिसांच्या कागदात कुठेच नाही. तिची साक्ष अजून व्हायची आहे, आणि उलटतपासणीत पहिला प्रश्न त्या दोन नावांवरच येणार हे मी तिला सांगून ठेवले आहे.